अमुकाच्या जागी पाणी

बोईसर, मंगळवार

ती. चंद्रभानदाजी यांस, मेहुणा भगवंत याचा साष्टांग नमस्कार. (दोन्ही गुडघे आखडल्याने तूर्त आठांपैकी सहाच अंगे रवाना करीत आहे, उरलेली दोन मागाहून पोचतील.) आपली साखर आणि ताईचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा.

प्रथम एक गंभीर तक्रार. आमचा स्टीलचा डबा माकुणसारहून चकल्या भरून परत आला, तो दुसऱ्याच डब्याचे झाकण घालून. झाकण देखणे आहे, पण बसत नाही. वर ठेवले तर टेकते, हात लागला की आत पडते. चकल्या सादळल्या. वीजकेंद्राच्या अग्निशमन विभागात आयुष्य घालवलेल्या गृहस्थाच्या घरून असा अधर्म व्हावा, या दुःखाने मी दोन घास कमी खाल्ले (सादळलेल्या चकल्यांचेच).

आता आमच्याकडचे झाकण ऐका. शाळेतून संस्कृत गेले आणि मी या रसायनांच्या कारखान्यात सूचनापत्रके लिहायला लागलो, हे आपण जाणताच. आमचे मालक मनीषशेठ यांनी यंदा पत्रके लिहायचे एक सॉफ्टवेअर भाड्याने घेतले. शिकवायला आलेल्या सुटाबुटातल्या तरुणाने अख्खी सकाळ खर्चून सांगितले, की एक परिच्छेद एकदाच लिहायचा आणि शंभर पत्रकांत वापरायचा. त्यात जिथे शब्द बदलतो तिथे व्हेरिएबल ठेवायचे, आणि त्याचा शब्द एकाच ठिकाणी भरायचा, की सगळीकडे आपोआप उमटतो. सगळे अवाक झाले. मी म्हणालो, हा तर संकल्पातला ‘अमुक’! गुरुजी ‘अमुकगोत्रोत्पन्नः’च्या जागी ज्याचे त्याचे गोत्र घालतात, पूजा तीच राहते. (फरक इतकाच, की गुरुजी शिध्यावर भागवतात, वार्षिक भाडे मागत नाहीत.) तरुण हसला नाही. त्याच्या शिक्षणात ती सोय नसावी.

शेठना मात्र अमुकाची चटकच लागली. आमचे सुरक्षा अधिकारी बन्सीकाका निवृत्त होणार होते. त्यांच्या मानपत्रातही नावाच्या जागी ‘सुरक्षा अधिकारी’ हेच व्हेरिएबल ठेवा, असा हुकूम झाला. ठेवले. समारंभाच्या सकाळी नवे अधिकारी दर्पण रुजू झाले, शेठनी उत्साहाने स्वतः नाव बदलले, आणि दुपारी शाल-श्रीफळासह वाचले गेले, की श्री. दर्पण यांनी उभा जन्म या कारखान्यासाठी झिजवला. दर्पण कालच दाढी फुटल्यासारखे दिसतात. ते लाजून उभे राहिले. बन्सीकाका शाल सावरत म्हणाले, “मास्तर, नोकरी आमी केली न् जन्म याचा झिजला? मंग पेन्शन तरी माजी हाय का नाय?” सगळे हसले. मीही हसलो.

पुढचे हसण्यासारखे नाही, तरी त्याच चालीत सांगतो. माझा एक लाडका परिच्छेद आहे: ‘सांडल्यास किंवा पेटल्यास त्वरित अमुक टाकावे.’ त्या अमुकात ‘भरपूर पाणी’ भरलेले आहे, आणि बहुतेक मालाला ते चालते. पण आमच्याकडे एक करडी पावडर आहे, तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की ती पेटते. म्हणून तिच्या पत्रकापुरता मी वेगळा शब्द भरला होता, ‘कोरडी वाळू’. तपासणी येणार म्हणून शेठ पत्रके चाळायला बसले. एका पत्रकात वाळू आणि बाकीच्यांत पाणी, हे त्यांच्या सौंदर्यदृष्टीला खुपले. “मास्तर, सब एक जैसा दिखना चाहिए,” असे म्हणत त्यांनी सगळीकडे मूळ शब्द लावणारे बटण दाबले. पत्रके छापली, लॅमिनेट झाली, भिंतींवर चढली.

दिसताक्षणी मी धावलो. शेठ म्हणाले, लॅमिनेशन झालंय, तपासणीनंतर बघू. आणि भिंत वाचतो कोण? (माझ्या लेखनावरचा इतका नेमका अभिप्राय आजवर कुणी दिला नव्हता.) मी पत्रकावर हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवली, तपासणीला शोभत नाही म्हणून ती संध्याकाळच्या आत निघाली. दर्पण म्हणतात, मी नवा आहे. फाइलीत मी वाळू केव्हाच परत घातली, दाजी. भिंतीवर पाणीच आहे.

पूर्वी निभावले असते. बन्सीकाका त्या पावडरीजवळ पाण्याची बादलीही ठेवू देत नसत. आता तिथे ठेकेदाराने आणलेली नवी मुले आहेत, मासवणच्या पलीकडच्या पाड्यांवरची, शाळा शिकलेली. ती भिंत वाचतात.

सर्वांस नमस्कार. ताईस सांगा, चकल्यांचे मीठ बरोबर होते.

आपला,
भगवंत

ता. क. — झाकण कुणाबरोबर पाठवू नका. स्वतः घेऊन या, याच आठवड्यात, आणि येताना आपला जुना खाकी गणवेश घाला. मागे आमच्याकडच्या अग्निशमन शिबिरात आपण शेठना स्वतः वाळूची बादली उचलून पळायला लावले होते. तेव्हापासून ते आपले नाव आदराने, म्हणजे हळू आवाजात घेतात. माझे ते ऐकत नाहीत, आपले ऐकतील.

ता. क. दुसरा — ताईला हे वाचून दाखवू नका. आपली मेघाली गेल्या आठवड्यापासून त्याच पावडरीच्या विभागात कामाला आहे. मी तिला सगळे सांगितले, रजा घे म्हणालो. ती डबा भरता भरता म्हणाली, “मामा, मला तू सांगितलंस. त्या पोरांना कोण सांगणार?” आणि गेली. ती रोज त्यांना तोंडी सांगते. पण कुणी एक जण गैरहजर असेल, ऐकलेले विसरेल, भिंतीकडे बघेल आणि पाणी आणायला धावेल. आणि ती त्याला अडवायला त्याच्या मागे धावेल. मला फार भीती वाटते, दाजी. या.