बाबांनी मान हलवली

३ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझी इंग्रजी मेल वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. फोन केला असता तर आपण भांडलो असतो, म्हणून कागद घेतला. तू लिहितोस, बाबांची कामाची खोली महिनाअखेर रिकामी करायची, कवळ्या घासायची मोटर विकायची, आणि 'बाबा अ‍ॅक्विएस्ड टू इट'. त्या क्रियापदामागे 'इन' शोभतं, 'टू' नाही. माझ्या वर्गातली मुलंही इथेच घसरतात. पण ते सोड. अ‍ॅग्री म्हणजे पटून हो म्हणणं. कन्सेंट म्हणजे विचारल्यावर परवानगी देणं. अ‍ॅक्विएस म्हणजे पटलेलं नसताना तोंड मिटून घेणं. ऑफिसात भारदस्त दिसतो म्हणून तू हा शब्द उचललास आणि नकळत खरं बोलून गेलास.

ज्या माणसाने आयुष्यभर मागच्या खोलीत बसून परक्यांसाठी कवळ्या घडवल्या, त्याच्या तोंडून तुला एक धड 'हो' घेता आला नाही? शब्द मागे घे, नाहीतर निर्णय मागे घे.

चिमणीला पापा. रागावले आहे, पण माया आहे तशीच आहे.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मेल लाल शाईने तपासून परत पाठवली नाहीस, हे उपकारच. तुला व्याकरण सुचतंय आणि इकडे चिमणी खोकून खोकून बेजार आहे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, घरात साच्यांच्या प्लास्टरची धूळ नको आणि कवळी घासताना उडते ती पूडही नको. मग मी काय करायचं होतं? जेवताना बाबांना सांगितलं, खोली बंद करावी लागेल, मोटरला गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. त्यांनी ताटाकडे बघत मान हलवली आणि हात धुवायला उठले. आता याला कुठलं क्रियापद लावू, ते तूच सांग. तेव्हापासून ते माझ्याशी 'मीठ दे'च्या पलीकडे बोललेले नाहीत. घरात राहतो मी, अबोला सोसतो मी, आणि बोलणीही मीच खायची.

तू तरी त्यांना कधी विचारलंस का?

उत्तरात शब्दकोश नसावा, बाकी लोभ चालेल.

तुझा भाऊ

१४ फेब्रुवारी

चि. भाऊस,
आशीर्वाद.

चिमणीच्या खोकल्याचं मेलमध्ये का नाही लिहिलंस? चार ओळींत मोटरच्या गिऱ्हाइकाला जागा होती, पोरीला नव्हती.

बाबांना काल फोनवर विचारलं, तुमच्यावर अन्याय होतोय ना? म्हणाले, तुम्ही दोघं ठरवाल तसं. मग तुमच्याकडे पाणी आलं का, असं विचारून फोन ठेवला. डोकं फिरायची वेळ आली. तुम्ही दोघं बापलेक एकाच मातीचे. आता त्यांनाच पत्र टाकलं आहे, हो की नाही ते लिहूनच कळवा म्हणून.

तब्येतीला जप.

ताई

२० फेब्रुवारी

चि. ताई आणि चि. भाऊ यांस,
अ. उ. आ.

ताईची प्रत टपालाने जाईल. भाऊची त्याच्या डब्याखाली ठेवतो.

तुमचा तो शब्द मला उच्चारताही येत नाही. चिमणीच्या छातीपुढे माझी खोली काय मोठी? ती सोडायला मी त्याच घासाला तयार होतो. पण भाऊने एका दमात दोन गोष्टी सांगितल्या. खोली जाणार आणि मोटरही जाणार. पहिलीला माझा हो होता, दुसरीला नाही. एकाच मानेने दोन उत्तरं कशी द्यायची? शिवाय नाही म्हटलं असतं, तर सूनबाईला वाटलं असतं की म्हाताऱ्याला नातीपेक्षा प्लास्टर प्यारं. म्हणून गिळलं.

ताई, तुझा प्रश्नही तसाच. अन्याय होतोय ना, म्हणे. त्याला हो म्हटलं असतं तर तू भाऊला फाडून खाल्लं असतंस. दोघांनी आपापली उत्तरं तयार ठेवून मला विचारलंत.

मी ज्यांची कामं करतो त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना परवा जाऊन भेटलो. दवाखान्यामागे त्यांची एक खोली पडून आहे. तिथे बसू का, विचारलं. त्या हो म्हणाल्या, तोंडाने. रविवारी भाऊने माझ्या कामाच्या टेबलाचं एक टोक धरावं.

दोघांवर जीव आहे, तो पत्रात मावत नाही.

बाबा

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टेबल पोचलं. पत्र वाचून मी बाबांसमोर जाऊन बसलो, तेव्हा त्यांनी मलाच मीठ हवंय का विचारलं. माफी मागायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. टेबल नेताना जिनाभर त्यांच्या सूचना चालू होत्या. डावीकडे घे, भिंत खरवडू नकोस, इतकी वर्षं काय खाल्लंस. गप्प होते तेच बरं होतं, असं एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू. मोटर मात्र त्यांनी मला हात लावू दिली नाही. छातीशी धरून स्वतः नेली.

ती रिकामी खोली चिमणीला द्यायची हे मी आणि हिने कधीच ठरवलं होतं. पण संध्याकाळी बाबा तिच्यासमोर खाली बसले आणि विचारलं, ही खोली तुला दिली तर चालेल का? मी सांगणार होतो की तिला कशाला विचारता, ती उड्याच मारील. त्यांनी हात करून मला थांबवलं. ती उठून खोलीत डोकावून आली. मग म्हणाली, नाही. एकटीला भीती वाटेल.

बाबा म्हणाले, बरं झालं सांगितलंस. आणि तिची गादी त्या खोलीत घालून शेजारी आपलीही घालून आले.

येऊन बघून जा. आधी कळव, म्हणजे सगळ्यांना विचारता येईल.

तुझा भाऊ