तुसातलं कमळ

२ मे १९८४, लाखांदूर

आलो एकदाचा! एसटीत साखरेचा डबा मांडीवर, पाय दुसऱ्याच्याच गाठोड्यावर. घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच ओसरीवरून बाबांचा आवाज. कोणा पाहुण्याला सांगत होते — "आमचा टिकाराम नागपूरले कंपनीत हिशेब पाहते."

कंपनी! हिशेब! मी बेकरीत केक सजवतो. बाबांना ठाऊक आहे. पण त्यांच्या तोंडून 'केक' हा शब्द आजवर एकदाही निघालेला नाही.

चौदाला माझ्या बहिणीचं, शकुनचं लग्न. रुखवतात तिला साखरेचं कमळ हवंय, घरामागच्या तळ्यातल्यासारखं. मी करणार. आणि बाबांना चारचौघांत म्हणावं लागेल, हे माझ्या पोराच्या हातचं. बस, ठरलं.

४ मे

दळलेली साखर, डिंकाचं पाणी, लिंबाचे थेंब — छान मळली गेली. बेकरीत फाँडंट म्हणतात, मी साखरेची कणीक म्हणतो. पाकळ्या लाटल्या, कडा बोटानं पातळ केल्या. वाळताना खोलगट राहाव्यात म्हणून पणत्यांत बसवल्या.

बाहेर अंगाची लाही होतेय. पणत्या कूलरच्या खोलीत ठेवल्या, खसच्या ताट्यांतून येणाऱ्या गार वाऱ्यात. आई म्हणाली, "आपल्या जीवाले बरं वाटते तिथं, फुलालेही वाटंन."

५ मे

नाही वाटलं! सगळ्या पाकळ्या लोळागोळा. कूलरचा वारा ओला असतो, हे मला कोणी सांगायला हवं होतं? इकडचा माणूस मे महिन्यात कूलरपुढे अक्कल गहाण टाकतो, तशी मीही टाकली.

बाबा दारातून डोकावले. "साखरेचा सत्यानाश करून राहिला." एवढंच बोलून गेले.

७ मे

आज धानाच्या कोठीत वाळवल्या, अगदी कोरड्यात. वरून कडक झाल्या. उचलायला गेलो तर खालून ओल्या, पणतीलाच चिकटलेल्या! मातीच्या पणतीत खालून वारा लागणार कुठून? काढता काढता निम्म्या मोडल्या.

शकुन म्हणते, "राहू दे ना दादा, क्रोशाचा रुमाल ठेवू." राहू दे म्हणे! तिचा चेहरा बघवत नव्हता. पुन्हा मळायला बसलो.

८ मे

सापडलं!! बाबांचा डबा घेऊन त्यांच्या राईस मिलवर गेलो होतो. मागे धानावरच्या तुसाचा ढीग, त्यावर मांजर झोपलेलं. मला बघून पळालं, आणि त्याच्या अंगाचा खळगा तुसात जसाच्या तसा! तूस आकार धरतं, आणि त्यातून हवाही खेळते. मी तिथेच उभा राहून हसलो.

आत जाऊन म्हटलं, टोपलीभर तूस नेतो.

"कायले?"

"पाकळ्या वाळवायला."

दोन गिऱ्हाईकं उभी होती. बाबांचा चेहरा उतरला. "हळू बोल. मर्दाचं काम होय काय ते? माह्या मिलचं तूस फुलागिलाले नाही."

संध्याकाळी आईनं आणलं. लपवून नाही — सरळ डोक्यावर टोपली, गिऱ्हाइकांच्या देखत! "पोरीच्या रुखवताचं हाये, म्हणलं. मंग कोण अडवते मले?"

९ मे

परातीत तूस, वर जुन्या मलमलचा तुकडा, मुठीनं दाबून खळगे. बाहेरच्या पाकळ्यांना उथळ, आतल्यांना खोल. वर कोरडं फडकं — नाहीतर या उन्हाळ्यात कडा लगेच तडकतात. कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला... छे, जानवं कुठलं आपल्याला! किल्ली करदोट्याला.

११ मे

टणक! खालूनही! टिचकी मारली की वाजतात. कडांना गुलाबी रंग दिला. शकुन बघून रडली. मीही, जरासा.

१४ मे

लग्न लागलं. कमळ रुखवताच्या मधोमध. एकोडीची वऱ्हाडी मंडळी भोवती गोळा झाली. नवरदेवाच्या आत्यानं, रंभाबाईंनी, पाकळीला हळूच बोट लावलं. "अगं माय, साखर होय हे! पोरी, तुह्या हातचं काय?"

रुखवत म्हणजे नवरीच्या हातचं, तशी रीतच आहे. हो म्हणाली असती तर कोणाचं काय बिघडत होतं? पण शकुन म्हणाली, "नाही जी. माह्या दादाच्या हातचं. बेकरीत केक बनवते तो."

"माणसाच्या हातचं? मंग आमच्या भाच्यालेही शिकव बाप्पा, भाकर तरी टाकंन!" रंभाबाईंच्या बोलण्यावर सगळा मांडव हसला. वाईट नाही हसले. पण बाबा बाजूलाच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो — आता बोलतील, आता बोलतील. ते मान खाली घालून आचाऱ्याकडे निघून गेले.

कमळ उभं राहिलं. ज्याच्यासाठी केलं, ते झालं नाही. फार लागलं मनाला.

१५ मे

शकुन गेली, घर ओस पडलं. बाबा पहाटेच मिलवर गेले. मी पिशवी भरली. उद्या निघतो.

१६ मे, एसटीत

बाबा स्टँडवर आले. कधी येत नाहीत! खांद्यावर फुगलेलं पोतं.

"काय हाये त्यात?" कंडक्टर खेकसला.

"तूस हाये," बाबा म्हणाले. "पोराले लागते. केक बनवते तो."