तुमच्या ज्ञानबाला उद्या सांगते

प्रिय आत्याबाई,

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे संध्याकाळच्या एसटीने गेले आणि घरात मी एकटीच उरले. सून सासूला पत्र लिहितेय, तेही अक्षर न ओळखणाऱ्या सासूला! तुम्ही असतात तर "काय खुळी हाय गं" म्हणून तोंडाला पदर लावून हसला असतात. पण उद्या तुरुंगात यांची भेट आहे, आणि त्याआधी तुमच्याशी बोलायला हवं. तुम्ही गेलात हे तुमच्या ज्ञानबाला अजून माहीत नाही.

शब्द तुम्हीच घेतलात ना माझ्याकडून? दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा माझा हात धरून म्हणालात, "त्याला कळवू नगंस. पोलिसाच्या गाडीतून, बेड्या घालून आणतील त्याला माझ्या मातीला. सारं गाव मला सोडून त्याच्या हाताकडं बघंल." मी हो म्हटलं. अग्नी पुतण्याने दिला. परवा फोनवर यांनी विचारलं, "आई कुठं हाय?" मी म्हटलं, मेंढरांमागं गेल्यात. "ह्या वयात? आडव तिला," म्हणाले. फोन ठेवला आणि तुमच्या रिकाम्या बाजेवर जाऊन बसले. तुम्ही सुटलात, आत्याबाई, आणि खोटं बोलायला मला ठेवलंत!

आठवतं का, यांची जीप चकलांब्याहून बीडला निघाली की आधी पिशव्या चढत, मग माणसं. कुणाचा डबा, कुणाचं पीठ, कुणाच्या लेकीला लाडू. आत काय आहे विचारायचं नाही, भाडं घ्यायचं नाही, ही आपल्या घरची रीत. नवी नवरी असताना मी एका पिशवीत डोकावले, तर केवढ्या फणकारला होतात! "लोकाची पिशवी उघडाया आपण काय जकातवाले हाव का?"

त्याच रीतीने औषधाच्या पेट्या चढल्या. ओळखीच्या माणसाने दिल्या, पुढे फाट्यावर एक जण उतरवून घ्यायचा. एक दिवस पोलिसांनी जीप अडवली आणि पेट्यांमधून दुखण्यावरच्या त्या गोळ्या निघाल्या, ज्या लोक नशेसाठी खातात. देणारा काही सापडला नाही.

बीडच्या कोर्टाबाहेर वकील समजावत होते, की सगळ्या गोळ्यांचं मिळून वजन कायद्याने ठरवलेल्या मापाच्या वर गेलंय. तुम्ही मध्येच उसळलात. "मोंढ्यात माती-काडीचा कडता कापतेत की वो सायेब! गोळीत औषध चिमूटभर, बाकीचा खडूच हाय ना? मग त्यो कावून धरला?" ते हसले नाहीत, तेवढं बरं. म्हणाले, "आजी, या कायद्यात कडता नाही. अख्खी गोळी वजनात धरतात." आणि जजसाहेब म्हणाले, माणसाचा पहिलाच गुन्हा आहे हे दिसतंय, पण दहा वर्षांच्या खाली मला येता येत नाही. तुम्ही त्यांच्यासमोर पदर पसरायला निघालात, मी दंड धरून बसवलं. दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत.

मीही त्या कायद्याला लई शिव्या दिल्या. पण मग शेजारच्या सुमनच्या नवऱ्याकडे नजर जाते. ऊस तोडताना कंबर धरली म्हणून त्याने तसल्याच गोळ्या सुरू केल्या. आता गोळी नसली की ओट्यावर थरथरत बसतो, बायकोच्या अंगावर धावून जातो. सुमन माझ्याशी बोलत नाही. तिच्यासमोर कोणत्या तोंडाने म्हणू, की दहा वर्षं फार होतात?

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. पहिल्याच भेटीत मी यांना विचारलं होतं, "तुम्हाला ठाऊक होतं का?" म्हणाले, "पैल्या खेपेला न्हाई. दुसऱ्या खेपेला पेटी फुटली, तवा कळलं. पर वळखीच्या माणसाला न्हाई कसं म्हणावं?" तुम्ही शेवटपर्यंत माझा ज्ञानबा भोळा हाय म्हणत राहिलात आणि मी मान हलवत राहिले. तुम्ही त्यांना एकदाही का विचारलं नाहीत, आत्याबाई? की तुम्हालाही कळलं होतं?

आता आपल्या ओट्यावर कुणी पिशवी ठेवत नाही. उद्या मी निघणार हे गल्लीला माहीत आहे, पण कुणाचा निरोपसुद्धा आला नाही. एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो, म्हणून तेराव्याच्या उरलेल्या बुंदीवर भागवलं. तुमची ती कानतुटकी मेंढी मी हाक मारली तर ढिम्म हलत नाही. तुमच्यासारखीच हट्टी! फार एकटं वाटतं हो. भांडायला तरी राहायचं होतंत.

तर ऐका, रागवा हवं तर. तुम्हाला दिलेला शब्द मी उद्या मोडणार आहे. काचेपलीकडून हे आधी तुमचंच विचारतील. मी मेंढरांचं नाव घेणार नाही. तुम्ही गेलात, आणि त्यांना का बोलावलं नाही, सगळं सांगेन. ते रडतील, मला हात लावता येणार नाही, तरी वेळ संपेपर्यंत समोरून उठणार नाही. आणि सुटतील त्या दिवशी, घरी नेण्याआधी, ओढ्याकाठी तुम्हाला अग्नी दिला तिथे त्यांना घेऊन येईन. तेव्हा गावाला खुशाल बघू दे त्यांच्या हातांकडे.

तुमची सून,
राधा