पहिलं सँडविच करणाऱ्याने खायचं

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुझ्या घशाला तीन महिने सक्तीची रजा दिली हे ऐकून बाबा कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, ताईने आयुष्यभर बस कामगारांच्या सभा गाजवल्या, शेवटी तिच्या गळ्यानेच संप पुकारला. फोनवर तू बोलू शकत नाहीस आणि मी एकटीच बडबडणं बरं दिसत नाही, म्हणून हे पत्र.

बाबांच्या तपासण्यांचा निकाल आला. गहू बंद, दूध बंद, आणि या दोन्हींपासून जे जे बनतं ते सगळं बंद. कायमचं. म्हणजे पाव, लोणी आणि चीज. बस डेपोच्या फाटकासमोर एकतीस वर्षं चीज टोस्ट विकणाऱ्या माणसाकडे उरलं काय, तर मीठ आणि टोमॅटो.

दुकानाची रीत तुला माहीत आहे. दिवसाचं पहिलं सँडविच करणाऱ्याने स्वतः खायचं, मगच शटर पूर्ण वर न्यायचं. बाबा तापात असतानासुद्धा ही रीत चुकली नाही. आता चुकली, म्हणून त्यांनी दुकानात पाऊलच टाकलेलं नाही. मी उघडते, मी खाते, मी विकते. ते घरी खिडकीशी बसून उकडलेले बटाटे खातात आणि म्हणतात, आपल्याला जे चाखता येत नाही ते दुसऱ्याच्या हातात ठेवणं ही लबाडी आहे. शेजारच्या मोबाईलवाल्याला आपली जागा हवी आहे. महिनाअखेरीस होकार कळवतो असं बाबांनी त्याला परस्पर सांगून टाकलं. मला कळलं ते मोबाईलवाल्याकडून!

पण मीही तुझीच भाची आहे. बाबांना खाता येईल असं चीज टोस्ट मी करणार आणि ते त्यांना ओट्यामागे उभं राहून खायला लावणार. पहिला पाव काल केला, तांदळाच्या पिठाचा. दाराला अडकण म्हणून ठेवला आहे. दार अजिबात हलत नाही.

घशाला जप. कुजबुजायलाही मनाई आहे हे विसरू नकोस.

तुझी,
मुंगी

७ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि टेबलावर मूठ आपटली. घशाला बंदी आहे, मुठीला नाही.

तुझ्या बापाला माझा निरोप वाचून दाखव, मोठ्याने, आणि मी जिथे थांबले असते तिथे थांब. जो माणूस अमुक एक घास खाऊ शकत नाही त्याने दुकानाबाहेर उभं राहावं, हा कायदा कोणत्या सभेत मंजूर झाला? कोणी मांडला? कोणी हात वर केला? मी तर त्या सभेला नव्हते. आजवर ज्याला ज्याला कोणी सांगितलं की ही जागा तुझ्यासाठी नाही, त्याच्या बाजूने मी उभी राहिले. आता माझा सख्खा भाऊ स्वतःच स्वतःला दाराबाहेर काढतो आहे! मालकानेच मालकाला बडतर्फ केल्याचं माझ्या पाहण्यात पहिलंच प्रकरण.

आता तुझ्या पावाकडे वळू. या विषयावर मिळेल ते मी वाचून काढलं, ग्रंथपालबाई माझ्यासाठी तीन पुस्तकं घरी घेऊन आल्या. तू ते पीठ मळलंस ना? मळायचं नाही, मुली. गव्हाच्या पिठातला चिकटपणा यात नाही, मळून तो येणारही नाही. केकच्या पिठासारखं सैल भिजव आणि साच्यात ओत. तांदळाच्या पिठात बटाट्याचा स्टार्च घाल. चिकटपणाचं काम इसबगोल करील, ते आधी पाण्यात फुगवून घे. आणि भाजल्यावर पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावू नकोस. गरम कापलास तर आतून चिखल निघेल. धीर हा आपल्या घराण्यात कोणाकडेच नाही हे जाणून लिहिते आहे.

मोबाईलवाल्याला सांग की दुकानाची बोलणी माझ्या गैरहजेरीत होत नसतात.

आशीर्वाद आहेतच, आता पाव फुगू दे.

तुझी,
आत्या

१७ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

निरोप वाचून दाखवला. तू जिथे थांबली असतीस तिथे थांबले, तर बाबांनी विचारलं की पुढचं पान हरवलं का.

पाव जमला! चौथ्या खेपेला. दुसरा मी गरमच कापला, तू म्हणालीस तसाच चिखल निघाला. तिसरा मधोमध बसला. चौथा गार होईपर्यंत मी चक्क घराबाहेर जाऊन बसले. कापला तर आत बारीक जाळी, वर तपकिरी कड, बोटाने दाबला की परत वर येणारा. चीजसाठी काजू भिजवून वाटले, त्यात उकडलेला बटाटा, थोडं गाजर, लिंबू, मीठ, आणि तार सुटावी म्हणून साबुदाण्याचं पीठ घालून शिजवलं. चमचा उचलला तर हातभर लांब तार आली. मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. दुकानातलं दुसरं, अंड्याचं सँडविच तर फुकटात सुटलं, त्यातला सॉस आपण मुळातच लोण्याऐवजी तेलात घोटतो, फक्त पाव बदलला.

घरी कढईत परतून बाबांना एक तुकडा दिला. त्यांनी खाल्ला, दुसरा उचलला. तीन दिवस रोज खात होते, पोट ठणठणीत. चौथ्या दिवशी स्वतःहून म्हणाले की घरात खाल्लेलं मोजायचं नाही, चीज टोस्ट असेल तर आपल्या टोस्टरमध्ये दाबलेलं हवं. मी मनातल्या मनात उडी मारली. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं दुकानात गेलो. मी रोजच्यासारखा पावाच्या कडेला लोणी लावून लोखंडी टोस्टर पुसून ठेवलेलाच होता. त्यांनी तो स्वतः तापवला, सँडविच आत ठेवलं, दांडी दाबून धरली. काय रंग आला होता, आत्या! उभ्याउभ्याच खाल्लं त्यांनी. शटर स्वतः वर केलं.

दुपारपासून आजारी पडले. दोन दिवस अंथरुणात, पोट धरून. आज जरा बरे आहेत, पण म्हणतात की प्रयोग संपला. मुलीने जीव तोडून केलं, आता माझ्या पोटाने आणखी मानपान मागू नये. मोबाईलवाल्याला शुक्रवारी बोलावलं आहे.

मी सगळं पीठ फेकून दिलं. काय चुकलं तेच कळत नाही. साबुदाण्याची पाकिटंसुद्धा परत परत वाचली.

तुझी माया राहू दे, आज तिची गरज जास्त आहे.

मुंगी

२० मार्च, माणसाहाती

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

टपालावर माझा या घडीला विश्वास नाही, म्हणून इकडून तुमच्या डेपोला जाणाऱ्या बसच्या वाहकाकडे हे पत्र देते आहे. माझ्या जुन्या सभांतला माणूस आहे, थेट तुझ्या हातात देईल. शुक्रवारच्या आत वाच आणि बापासमोर वाच.

तुझा पाव निर्दोष आहे. तुझं काजूचं चीज निर्दोष आहे. घरच्या कढईत तीन दिवस काही झालं नाही, दुकानात पहिल्याच दिवशी झालं. दोन्हींत फरक काय? आरोपी तूच तुझ्या पत्रात हजर केला आहेस, दांडीसकट. एकतीस वर्षं रोज पावाच्या कडेने आणि लोण्याने पुसलेला, पाण्याचा थेंब न लागलेला तो लोखंडी टोस्टर! त्याच्या प्रत्येक खाचेत गहू आणि दूध मुरलं आहे. त्यात सोनं दाबलं असतं तरी भाऊ आजारी पडला असता.

आणि आता कबुली. त्याला पाणी लावायचं नाही हा नियम कोणाचा, हे तुझ्या बापाला विचार. तो म्हणेल, ताईचा. खरं आहे. दुकान उघडलं त्या आठवड्यात नळाचं कनेक्शन आलं नव्हतं. मी मदतीला होते. टोस्टर खरकटा झाला, भाऊ बादली घेऊन रस्ता ओलांडायला निघाला, बाहेर गिऱ्हाईक उभं. मी ओरडले, पाणी राहू दे, पावाच्या कडेने पूस आणि काम कर. बस, एवढंच. दहा दिवसांनी नळ आला. नियम मात्र गेला नाही. भावाने तो पाळला, तुला शिकवला, तूही का म्हणून विचारलं नाहीस.

व्यासपीठावरून मी जन्मभर लोकांना सांगत आले की कोणी नियम सांगितला तर आधी कारण विचारा. हजारो माणसांनी ऐकलं. घरात माझाच एक शब्द एकतीस वर्षं बिनकारण राज्य करत बसला आणि शेवटी माझ्याच भावाच्या पोटात उतरला. कान पकडते. या बाबतीत तुम्ही दोघं मला हवं ते बोला, मला उलट बोलण्याची मनाई आहे, संधी साधा.

जुना टोस्टर ठेवा, त्याचं गिऱ्हाईक त्याला राहू दे. पण नव्या सँडविचला नवा टोस्टर, नवी पाटी, नवी सुरी, आणि ओट्याचं दुसरं टोक. भाऊ, तू ऐकतो आहेस ना? शुक्रवारी मोबाईलवाल्याला चहा पाज आणि परत पाठव.

रागावलात तरी आपलेपणा कमी करू नका.

आत्या

२ एप्रिल

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

मुंगी म्हणाली की या वेळचं पत्र मीच लिहायचं. मला दहा ओळींपेक्षा जास्त जमत नाही, आज जमवतो.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. ज्या टोस्टरवर माझी रोजीरोटी उभी आहे त्याला तू आरोपी म्हणालीस. पण बादली आठवली. निळी होती, कडी तुटकी. तू ओरडलीस तेसुद्धा आठवलं. मग मी एकटाच बराच वेळ हसत बसलो, मुंगी घाबरून बघायला आली.

नवा टोस्टर मीच आणला. हलका, चकचकीत, हातात खेळण्यासारखा वाटतो. ओट्याच्या डाव्या टोकाला त्याची जागा केली, मध्ये लाकडी पट्टी ठोकली. लगेच कळवलं नाही, कारण तुला अर्धवट बातमी देण्यापेक्षा पोटाची साक्ष पुरती नोंदवावी म्हटलं. आज नववा दिवस. रोज पहिलं सँडविच मी करतो, मी खातो, शटर मीच वर करतो. काही त्रास नाही. चव तीच आहे असं तुला खोटं सांगणार नाही. काजूचं चीज किंचित गोडसर लागतं. पण कड कुरकुरते, तार सुटते, आणि बोट भाजतं. बोट भाजलं नाही तर ते चीज टोस्टच नव्हे.

मोबाईलवाला आला होता. चहा प्यायला, एक सँडविच खाल्लं, दुसरं बांधून नेलं. दुकानाचा विषय मी काढला नाही, त्यानेही तोंड भरलेलं असल्यामुळे काढला नाही.

आता मुख्य गोष्ट. डेपोतला तो उंच ड्रायव्हर तुला आठवत असेल, ज्याला मी काळा चहा म्हणतो. दहा-बारा वर्षं रोज येतो, दूध न घातलेला चहा घेतो, इतरांच्या प्लेटींकडे बघतो आणि जातो. मी त्याला कंजूष समजत आलो, तोंडावर नाही तरी पाठीमागे बोललोही. परवा मला उशीर झाला, शटर अर्धंच वर असताना त्याला चहा दिला आणि माझं सँडविच मी त्याच्यासमोरच खात होतो. त्याने विचारलं की मालक, तुम्हाला पाव-चीज बंद झालंय असं लोक म्हणत होते ना, मग हे कसं चालतं. मी सांगितलं की यात गहू नाही आणि दूध नाही. ताई, त्याने चहाचा पेला खाली ठेवला. म्हणाला, लहानपणापासून मलाही हेच आहे, पण दुकानवाल्यांना सांगत बसायची लाज वाटते. एवढी वर्षं फक्त वासासाठी येत होतो.

मी त्याला करून दिलं. त्याने उभ्याने खाल्लं, बस सुटायची वेळ झाली तरी हलला नाही. आतून कंडक्टर घंटी बडवत होता. मग जाताना त्याने विचारलं, उद्या पण मिळेल का. मी सांगितलं, रोज.

मी स्वतः आजारी पडलो नसतो तर तो माणूस निवृत्त होईपर्यंत वास घेत राहिला असता. त्या कायद्याला सभेत हात कोणी वर केला म्हणून तू विचारलं होतंस. मीच केला होता, ताई, न बघता.

नवा टोस्टर कशाने पुसायचा असं पहिल्याच रात्री मुंगीने विचारलं. रोज रात्री साबण लावून पाण्याने धुवायचा, असं सांगितलं. आणि तिने विचारायच्या आधीच का ते पण सांगितलं.

जून महिन्यात घसा सुटला की ये. पहिलं सँडविच त्या दिवशी तू करायचं आहेस, आणि रीत तुला माहीतच आहे.

तुझा धाक होता तसाच असू दे.

भाऊ