अक्रोडावरची जाळी

१२ एप्रिल
ओश शहरातल्या शाळेच्या नोकरीतून सुटले एकदाची! या डोंगरगावात आता माझं स्वतःचं घर आहे. अंगणात जुना अक्रोड, त्याखाली बाक. तिथे ताठ बसून शांतपणे चहा प्यायचा, एवढंच मला उरल्या आयुष्यात हवं आहे. शेजारीण तुर्सुनाय ‘एजे’, म्हणजे ताई, अशी हाक मारून गरम नान देऊन गेली. खटकलं ते एकच: खोडभर रेशमी जाळी, आणि तिच्याखाली कळपाने हिंडणारे इवले करडे किडे. गलिच्छ!

१५ एप्रिल
बायका न विचारता अंगणात शिरतात, अक्रोडाला चिंध्या बांधून नवस बोलतात. मी सगळ्या चिंध्या कातरीने कापल्या. तुर्सुनाय म्हणाली, “चिंध्या कापा हवं तर, एजे, पण किड्यांना हात लावू नका. सालीवरची बुरशी तेच खाऊन टाकतात.” मी म्हटलं, स्वच्छता मला शिकवू नकोस, जन्मभर पोरांची नखं तपासली आहेत मी.

१९ एप्रिल
जाळी खरवडली, रॉकेल शिंपडलं आणि शहरात दर वसंतात फासतात तसा खोडाला चुना फासला. कसं लख्ख दिसतंय!

२६ एप्रिल
चुन्यातून करडी बुरशी वर आली. बाकावरसुद्धा. वनखात्याचा माणूस दात काढत म्हणाला, “एजे, पावडर लावलीत, आता काजळही घाला झाडाला!” मेला निर्लज्ज.

२ मे
माझ्या मनगटावर तसाच करडा डाग. रक्त येईतो घासला, जात नाही. डॉक्टर म्हणे, वयाचं आहे. वयाचं! शेवटी तुर्सुनायकडे किडे मागितले. मी, मागितले! ती म्हणाली, “मी कुठून आणू, एजे? साल दिसली की येतील आपणहून.”

५ मे
कोपरापर्यंत चढलं. कातडीला चिरा. बाकावर बसले की उठवत नाही. कुणी ऐकूनच घेत नाही.

७ मे
आले. हातावर. चाटतात, खाज थांबते — लाज वाटते, पण बरं वाटतं. जाळी विणताहेत. झटकायला हवी —

८ मे
बाकावरच आहे. ताठ. पाय उचलत नाहीत. जाळी गळ्यापर्यंत — उजवा हात तेवढा मोकळा.
तुर्सुनाय आली. हाका मारल्या — आवाज फुटेना. माझ्या डाव्या मनगटाला तिने चिंधी बांधली. डोळे मिटून सुनेसाठी मूल मागतेय —
अगं बये, नीट बघ, मी —