नव्या तांदळाची पानं

आई, आज दुपारी जे घडलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं ते मला कळत नाही. तू जाऊन नऊ वर्षं झाली. मी आत्ता आपल्याच आश्रमशाळेत बसलेय, सातवीच्या वर्गात, खिडकीकडच्या बाकावर. तुझी स्वयंपाकखोली इथून दिसते. आता तिथं गॅस आलाय, भिंतींना चुना दिलाय, पण दार तेच आहे, खालून कुरतडलेलं. सकाळी मुख्याध्यापकांनी विचारलं, मॅडम, या भागात आधी आला होता का कधी? मी म्हणाले, लहानपणी एकदोनदा. सात वर्षं इथं शिकले, तुझ्याबरोबर त्या स्वयंपाकखोलीमागच्या खोलीत झोपले, आणि म्हणाले एकदोनदा! लग्नानंतर आडनाव बदललं, बोलणं तर नाशिकला गेल्यावरच बदललं होतं. स्वयंपाक-झाडलोट करणाऱ्या कामाठीणीची पोर म्हणून मला इथं कुणी ओळखलं नाही, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

माझं काम काय आहे ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. सांगणार कधी, तू गेल्यावर तर लागले. मी शाळाशाळांत जाऊन गुरुजींना शिकवते की डोंगरातल्या आदिवासी पोरांचं मन कसं जपायचं. पोर गप्प झालं, जेवेनासं झालं, तर काठी उचलायच्या आधी काय विचारायचं. त्यांच्या घरच्या रीतीला अडाणीपणा म्हणायचं नाही, तोच त्यांचा आधार असतो, असं मी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला चिकटवते. हसू नकोस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे तुझ्या पोरीला आज दुपारी कळलं.

जेवणानंतर मी सगळ्यांना गोल बसवलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला: तुम्ही शाळेत असताना आतून घाबरलात, पण कुणाला सांगितलं नाहीत, असा एक दिवस आठवा. गुरुजी लोक इकडचं तिकडचं बोलले. मग एक तरुण बाई उठली. इथंच शिकली, आता इथंच पहिलीला शिकवते. ती म्हणाली, "मॅडम, मी तिसरीत होते. त्या साली तांदळाची गाडी आली नाय, म्हणून सरांनी खालच्या गावातून नवा भात भरडून आणला. आमच्या गावाचं नवं व्हायचं होतं अजून." तिनं नाशिककडच्या गुरुजींना समजावूनही सांगितलं, की आमच्यात नवं पीक आधी वाडवडलांपुढं ठेवतात, त्यांना नाव घेऊन बोलावतात, त्याआधी कुणी तोंडात घातलं तर घरातल्या माणसाला बाधतं. "वासावरूनच कळलं मला नवा तांदूळ हाय. दोन दिवस नाय जेवले. अधीक्षिकाबाईंनी ताट हातात देऊन उन्हात उभं केलं."

आई, तोवर मी मान डोलवत होते. वा, किती छान उदाहरण मिळालं म्हणून! मग ती म्हणाली, "तिसऱ्या दिवशी दुपारी कामाठीण माझ्याजवळ येऊन बसली. डोक्यावरून हात फिरवला न् म्हणाली, खा गं बाय, तुझ्या वाडवडलांना दिलंय मी. मी खाल्लं. दिवाळीच्या आत माझा बाप तापानं गेला." ती रडतही नव्हती. "खोटं बोलली ती, मॅडम. स्वयंपाकखोलीत कुठनं येतील माझे वाडवडील? मी आजवर कुणाला सांगितलं नाय. माझ्या आईलासुद्धा नाय. आईला वाटतं बाप नुसता तापानं गेला."

पंधरासोळा वर्षं ही पोर बापाला आपण मारलं असं समजून जगतेय, आणि तिच्या गोष्टीतली खोटारडी बाई म्हणजे तू. तू! आणि पोरांचं मन जपायला शिकवणारी मी काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, "चला, चहा घेऊ या."

कारण मला ती सकाळ आठवली होती. मी सहावीत होते. पहाटेची घंटा व्हायच्या आधी मला जाग आली तर तू जागेवर नाहीस. स्वयंपाकखोलीत गेले. मोठ्या पातेल्यामागं तू जमिनीवर सात पळसाची पानं मांडली होतीस, सात गावांच्या पोरी होत्या म्हणून. प्रत्येक पानावर नव्या भाताची मूठ. आणि तू एकेका पोरीच्या घराचं नाव घेत होतीस. आदल्या दोन दिवसांत केस विंचरता विंचरता तू सगळ्यांना विचारून घेतलं होतंस, तुमच्यात आजा कोण, पणजा कोण. "या, खा, लेकरांच्या पाठी राहा," असं म्हणत होतीस. मला तुझी लाज वाटली, आई. मला अधीक्षिकाबाईंसारखं व्हायचं होतं. त्या निफाडकडच्या, साडीला पिन लावायच्या, आमची नखं स्वतः कापायच्या, माझ्या अक्षराचं कौतुक करायच्या. वाईट नव्हत्या गं त्या. त्यांना वाटायचं, आम्ही हे सगळं विसरलो की आमचं भलं होईल.

बाई आल्या तेव्हा तुझी चार पानांवरची नावं घेऊन झाली होती. "हे काय भुताखेताचं चाललंय? सरकारचं धान्य आहे हे!" असं ओरडून त्यांनी झाडू घेतला आणि सगळं एका कोपऱ्यात लोटलं. त्या गेल्यावर तू खाली बसलीस आणि त्या कचऱ्यातून भाताची शितं वेचून पदरात घेतलीस. मला म्हणालीस, "डाळीकडं बघ, करपू देऊ नको." मी बघितलं नाही. मी तुझ्या मागून गेले. ओढ्याच्या कडेला खडकावर तू पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीस. सातही पानं. सगळी नावं, एकही न गाळता. थांबलीस, आठवलंस, पुन्हा म्हणालीस. त्या पोरीच्या गावाचं, तिच्या घराचं नाव मी माझ्या या कानांनी ऐकलंय. मग ओल्या लुगड्यानं परत आलीस, करपलेल्या डाळीवरून बोलणी खाल्लीस, आणि दुपारी तिच्याजवळ बसून म्हणालीस, दिलंय मी. खोटं नव्हतं ते. जगात हे ठाऊक असलेलं एकच माणूस उरलंय, आणि ते माणूस तिला म्हणालं, चला, चहा घेऊ या.

एवढंच का नाही सांगितलं म्हणशील. तिला सांगायचं तर म्हणावं लागेल की ती कामाठीण माझी आई, आणि मी तिथं होते. तेही म्हटलं असतं गं, अगदी चाळीस गुरुजींपुढं म्हटलं असतं. पण तिनं पुढं विचारलं असतं, मग बाईंना कळलं कसं?

तू आयुष्यभर दुसऱ्या कामाठीणीवर, जिला मी मावशी म्हणायचे तिच्यावर, संशय घेतलास. त्या दिवसापासून तिच्या मशेरीच्या डबीला हात लावला नाहीस. एका चुलीवर उभ्या राहायच्या दोघी, पण बोलणं नाही. तू आजारी पडलीस तेव्हा ती बाई डोंगर उतरून नागलीची पेज घेऊन आली, आणि तू भिंतीकडं तोंड केलंस. "चुगलखोर," म्हणालीस. ती पेज ठेवून गेली. मी तुझ्या उशाशी बसले होते. तेव्हाही गप्पच बसले, आजच्यासारखी.

आत्ता समोर व्हरांड्यात ती पोर मुलींना वाढतेय. भात वाढतेय, आणि तिच्या स्वतःच्या ताटात भाकरी आहे. दुपारी मी ते पाहिलं होतं, वाटलं तिला भात आवडत नसेल. आई, मी हा कागद घडी करून पर्समध्ये ठेवणार आणि तिच्याकडे जाणार. चारचौघांत नाही, तिला एकटीला ओढ्यावर नेणार, तो खडक दाखवणार, तू आठवून आठवून घेतलेली नावं सांगणार. तिनं विश्वास ठेवला तर ठेवला. तिनं विचारलं तर पुढचंही सांगणार. मावशी अजून आहे म्हणतात, वरच्या पाड्यावर, लेकाकडं. उद्या सत्र संपलं की तिकडं चढायचंय, शिव्या खायला.

पण ज्याच्यासाठी लिहायला बसले ते अजून लिहिलंच नाही. बाईंना मी सांगितलं. पहाटे तुला तसं पाहिलं आणि धावत त्यांच्या खोलीवर गेले, "आई पानं मांडतेय" म्हणाले. त्यांनी त्यांच्या पेटीतली लाल रिबीन मला दिली. कुठून आणलीस म्हणून तू विचारलंस, तर म्हणाले, हस्ताक्षराचं बक्षीस. तुला इतका आनंद झाला! दोन वर्षं मी ती लावली, आई, आणि रोज सकाळी वेणीत तूच ती गुंफून द्यायचीस.