चाळिसावं ठिगळ

आदरणीय अकमतमामांना नारिनहून भाचा मेडेरचा सलाम.

तालासला तुमची, मामींची आणि मेंढ्यांची तब्येत कशी आहे? (मेंढ्यांचं आधी विचारायला हवं होतं, रागावू नका.) बर्फ वितळलं की पत्र टाकतो म्हणालो होतो. बर्फ वितळलं, नदी गढूळ झाली, पुन्हा निवळलीही. तीनदा लिहायला बसलो. एकदा पेन नव्हतं, एकदा कागद नव्हता, आणि दोन्ही सापडले त्या दिवशी मैदानात घोड्यांवरून बोकड ओढायचा सामना होता. आता सामन्याच्या दिवशी कोण लिहितं?

तर, आपल्या सालिकाताईला मुलगा झाला. चाळिसाव्या दिवशीच्या अंगड्यासाठी चाळीस घरांतून चिंध्या मागून आणायचं काम ताईच्या सासूबाईंनी, बातमाकाकूंनी, माझ्यावर सोपवलं. एकोणचाळीस घरं मी इमानदारीत फिरलो. एकोणचाळिसाव्या घरी कणकेचे टम्म फुगणारे बोरसोक तळत होते, तिथे जरा टेकलो, तो दिवस मावळला. (चाळिसावी चिंधी मी तबेल्यातून आणली. सासरेबुवांच्या शर्यतीच्या घोड्याच्या झुलीचा चौकोन कापला. घोडापण घरचाच की! हे फक्त तुम्हालाच सांगतोय.)

अंगडं चढवलं आणि पोर लागोपाठ सात वेळा शिंकलं, अंगभर बिटासारखं लाल झालं. काकू म्हणाल्या, चाळिसांपैकी कुणीतरी दृष्ट लावली. सुयुनदुकबाबांचं, म्हणजे सासरेबुवांचं, निदान वेगळं. त्यांनी अंगडं हुंगलं नि गरजले, “अरे, हा तर घोड्याचा वास! घोड्याला शिंकणारं पोर माझ्या घराण्यातलं? सूनबाई, माहेरून काय आणलंस हे?” तीस घोड्यांचा मालक तो. नातवाला कबूल केलेलं शिंगरू त्यांनी तिथल्या तिथे रद्द केलं, आणि शुक्रवारी सगळे उन्हाळी कुरणावर निघतील तेव्हा सालिकानं पोराला घेऊन माहेरी जावं, असा हुकूम सोडला. पाच वर्षं घोड्या दोहताना ताई शिंकते आणि धुरावर ढकलते, हे मला ठाऊक होतं.

मी सगळ्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईच्या रक्तात घोड्याविरुद्ध पहारेकरी उभे राहिलेले असतात, त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. पोटात असतानाच ते वारेतून बाळात उतरत असावेत. बाळानं घोडा पाहिलेलाही नसतो, पण पहारा आईचाच. उंदरांमध्ये हे दिसलंय, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो पहारा विरून जातो.

“माझ्या नातवाला उंदीर म्हणते!” बाबा ओरडले. मग त्यांनी बाही सरसावली. “माझ्यावर कर तपासणी! घराण्याचं रक्त म्हणजे काय ते बघ!” बाईंनी दोघांच्या हातावर घोड्याच्या कोंड्याच्या अर्काचा थेंब टाकून सुई टोचली. ताईच्या हातावर वाटाण्याएवढी गांधी उठली, बाबांच्या हातावर अख्खा बोरसोक. साठ वर्षं वाहणाऱ्या नाकाला ते डोंगरवारा म्हणत आलेत. बाही खाली ओढत म्हणाले, “ही बाई कझाक दिसते, आपल्या किर्गीझ रक्तातलं हिला काय कळणार!” आणि निघून गेले. हुकूम मात्र कायम.

ताईची फार काळजी वाटते, म्हणून हे पत्र. मोठ्यांना नमस्कार.

आपला,
मेडेर

ता. क. खरं सांगायचं तर काळजी माझीही आहे. काकू अंगडं घेऊन, एकेक चिंधी दाखवत दारोदार जाब विचारताहेत आणि एकोणचाळीस घरं आमच्याशी बोलत नाहीत. शुक्रवारच्या आत या आणि ती चिंधी तुम्ही तालासहून पाठवली होती असं सांगा. तुमच्यावर कोण डोळे वटारणार?

ता. क. दोन. येऊ नका! बाबा स्वतः दारात उभे आहेत. नाकाला काकूंचा रुमाल, मागे साबणानं धुतलेलं शिंगरू. म्हणतात, “पोराचा पहारा उठेपर्यंत शिंगरू थांबेल. सूनबाई शुक्रवारी ट्रकमध्ये पुढे बसेल, काचा लावून. घोड्या मीच दोहीन, दोघांच्या वाटचं शिंकत.” ताई रडतेय, पण हसतहसत. आणि मामा, त्यांच्या खांद्यावर घोड्याची झूल आहे. तिचं टोक डोळ्यांसमोर धरून, तिच्यातल्या चौकोनी भोकातून ते माझ्याकडे बघताहेत.